दौत कोणाच्या कमरेला?



विचार सुचतो तेव्हा माणूस बहुधा लेखणी घेऊन बैठकीवर बसलेला नसतो. तो नांगरामागे चालत असतो, तागडी धरून असतो, डोंगर चढत असतो किंवा यंत्रापाशी उभा असतो. हात मोकळा होईपर्यंत विचार काही थांबत नाही. तेव्हा चालता चालता टिपून घेण्याचे साधन कोणाजवळ होते, हे पाहिले म्हणजे कोणाचे बोलणे मागे उरले आणि कोणाचे वाऱ्यावर गेले, तेही उमगते. देहूत हा विषय काढल्यावर आरंभ तुकोबांपासूनच करावा लागतो.

त्या काळी लिहिणे म्हणजे मोठा खटाटोप. बोरू तासायचा, त्याला चीर द्यायची, काजळी डिंकाच्या पाण्यात घोटघोट घोटून शाई करायची. कागद हाताने केलेला. आपल्या उत्तरेस जुन्नरला कागदी लोकांचा हा धंदा भरभराटीचा होता व जुन्नरी कागद नावाजलेला होता. अक्षर ओले असले की वर बारीक वाळू टाकायची. घरी बसून हे सारे ठीक. पण फिरत्या माणसाने काय करावे? त्याच्यासाठी कलमदान निघाले. लांबट पितळी घर, आत बोरू, एका टोकाला घट्ट झाकणाची दौत, आणि ते सगळे कमरेच्या शेल्यात खोचायचे. जोडीला मोडी लिपी होती. हात फारसा न उचलता भराभर लिहिण्याची ही रीत परंपरेने हेमाडपंतांच्या नावावर आहे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकात पहिलाच समास लेखनक्रियेवर खर्ची घातला, पण तो ठेवणीच्या बाळबोध अक्षराचा. पोथीला बाळबोध, घाईला मोडी, अशी ही वाटणी होती.

आता हे कलमदान खोचून हिंडत कोण? कुलकर्णी, देशपांडे, कारकून. दुकानात दौत असे ती वाण्याची आणि सावकाराची. कुणब्याच्या कमरेला विळा होता. त्याचे नाव कागदावर येई ते बहुधा सारा किंवा कर्ज यांच्यापुढे.

तुकोबांच्या घरी वाण्याचा धंदा आणि महाजनकी होती. म्हणजे जमाखर्चाची वही त्यांच्या घरातलीच. 1630 च्या सुमारास भीषण दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली पत्नी आणि मुलगा गेला, दुकान बसले. पुढे त्यांनी भावाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. त्याच इंद्रायणीत काही वर्षांनी त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. श्रद्धेच्या वाटेला मी जात नाही. मला या दोन बुडण्यांतला फरक मोठा वाटतो. खते बुडाली ती पुन्हा वर यावीत असे एकाही ऋणकोला वाटले नसेल. वह्या बुडाल्या, पण त्यांतले कितीतरी तोवर लोकांच्या तोंडी बसले होते.

भंडाऱ्यावर, भामचंद्रावर एकांतात सुचलेले, कीर्तनात रंगून बोललेले शब्द कागदावर कसे आले? तुकोबा स्वतः लिहीत. त्यांच्या हातची म्हणून मानलेली वही देहूच्या देवळात जपलेली आहे. पण दुसरा हात चाकणच्या संताजी जगनाडे यांचा. धंदा तेलघाण्याचा, गणना तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत, समाधी जवळच सुदुंबऱ्याला. घाण्याचा हिशेब ठेवण्यापुरती अक्षरओळख त्यांना घरीच झाली असावी. तेल, दिवा आणि दिव्याची काजळी, म्हणजे शाईचा मालही घरचाच, असे माझे मन मला सांगते. मात्र हातात टाळ असताना बोरू चालत नाही. ऐकलेले मनात धरायचे आणि घरी गेल्यावर दिव्यापाशी उतरायचे, असेच त्यांना करावे लागले असणार. असे उतरलेले कागद ज्याच्या त्याच्या स्मरणाप्रमाणे थोडेथोडे वेगळे होतात. म्हणूनच 1869 आणि 1873 मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून गाथा निघाली, तेव्हा विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांना निरनिराळी हस्तलिखिते ताडून पाहावी लागली. त्या कामाला मुंबई सरकारने 24,000 रुपये दिले होते. संताजींच्या वहीवरून ठाण्याच्या विनायक लक्ष्मण भावे यांनी 1919-20 मध्ये ‘अस्सल गाथा’ छापली. ज्या हाताने तेलाचे मोजमाप केले, त्या हाताला पंडितांच्या मेजावर जागा मिळायला पावणेतीनशे वर्षे लागली.

जिच्या शेजारी संताजी नव्हता तिचे काय? खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हते. जाते ओढताना, शेतात खपताना त्या गात आणि मुलगा सोपानदेव व घरातला आणखी एक मुलगा ते टिपून घेत. 1951 मध्ये त्या वारल्या, 1952 मध्ये पुस्तक आले. तेवढे आपल्याला मिळाले. बाकीच्या घरांतल्या जात्यांवर काय गेले, त्याचा थोडासा अंदाज हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या कामावरून येतो. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मावळ-मुळशीपासून सुरुवात करून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. दोन्ही हात खुंट्यावर असलेल्या बाईला टेपरेकॉर्डर हेच खरे कलमदान.

पेन्सिल आली आणि दौत सांडण्याची भीती गेली. 1931 मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड करायला घेतली, ती पुढची कॅम्लिन. मग झरणी खिशात आली, आणि तिच्यामागून स्वस्त बॉलपेन. परंतु खिशातल्या पेनाचा महाराष्ट्रातला अर्थ कारखानदाराने ठरवला नाही. 25 डिसेंबर 1954 ला डॉ. आंबेडकर देहूरोडच्या बुद्धविहारात मूर्तीच्या प्रतिष्ठापनेसाठी आले होते. गावोगावच्या त्यांच्या पुतळ्यांच्या खिशाला पेन असते. ज्यांच्या पूर्वजांना दौतीपाशी फिरकू दिले नाही, त्यांना त्या पेनाचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाही.

माझ्या धंद्यात मी पन्नास पैशांच्या वहीपासून आजच्या मोबाइलपर्यंत सर्व पाहिले. चाकणच्या पट्ट्यात पुष्कळ फाटकांवर कामगाराला मोबाइल जमा करावा लागतो, म्हणजे टिपण्याचे सर्वांत हलके साधन नेमके आठ तास त्याच्याजवळ नसते. तिथे छातीच्या खिशातली छोटी वही अजून उपयोगी पडते. एका कारखान्यात, नाव घेत नाही, जादा कामाच्या तासांचा वाद निघाला. कचेरीचे रजिस्टर गुळगुळीत होते. आमच्या एका फिटरने रोजची वेळ पेन्सिलीने लिहून ठेवली होती. तेलाचे डाग पडलेली, कोपरे दुमडलेली ती वही. तारखेला तारीख लागली. त्याच वहीच्या मागच्या पानांवर साचा लवकर बसवण्याची त्याने काढलेली एक युक्ती होती, आकृतीसकट. ती त्याला कोणी विचारली नव्हती. युनियनच्या कपाटात अशा बऱ्याच वह्या जमल्या आहेत, काही पावसात भिजलेल्या. दर रविवारी दोन तरुण मुले येतात आणि त्या उतरून काढतात. ज्यांना सुवाच्य लिहिता येते त्यांनी जरूर यावे. चहा आमच्याकडून.