७२ तास, एक मनोरा आणि धाराशिवचे सोयाबीन

१. ऑक्टोबर २०२०. बंगालच्या उपसागरातून आलेला कमी दाबाचा तीव्र पट्टा आंध्रचा किनारा ओलांडून तेलंगणमार्गे सोलापूरकडे सरकला. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सोयाबीनची काढणी चालू होती. कापलेले पीक रानात होते, कोठे गंजी रचलेली होती. ते पाण्यात गेले. नुकसानीची सूचना ७२ तासांत देणे विमा योजनेच्या नियमाने बंधनकारक होते. साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांची भरपाई या ७२ तासांवर अडली. हा नियम कोठून आला आणि मोबाइलवरून सूचना जाते म्हणजे नेमके काय घडते, याचा हा धागा.

२. आरंभ जुन्या दप्तरापासून करावा लागेल. हैदराबाद संस्थानात गावची जमीन आणि पीक यांची नोंद पटवारी ठेवत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, पण नोंदीची परंपरा टिकली. १९५४ ची खासरा पत्रके मराठवाड्यात आजही जुन्या हक्कांचा पुरावा म्हणून शोधली जातात. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली आणि गाव नमुना सात व बारा मिळून ‘सातबारा’ घरोघरी पोहोचला. त्यातील बारा म्हणजे पिकांची नोंद.

३. ही नोंद तलाठ्याने शिवारात फिरून करायची. बांधावर न जाता चावडीत बसून पिके लिहिली जातात, हे गाऱ्हाणे जुनेच आहे. तरी एक गोष्ट स्पष्ट होती : पीक पाहणे आणि ते कागदावर आणणे हे सरकारचे काम होते. शेतकऱ्याने कोठे काही पोहोचवायचे नव्हते.

४. पीक विम्याची आखणीही प्रथम याच धोरणाने झाली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७६ मध्ये क्षेत्रनिहाय विम्याची मांडणी केली. लक्षावधी लहान शेतांचे नुकसान एकेक करून मोजणे अशक्य आहे, म्हणून एका क्षेत्राचे सरासरी उत्पन्न कापणी प्रयोगांनी ठरवावे आणि ते घसरले तर तेथील सर्व विमाधारकांना भरपाई द्यावी, असा त्यांचा विचार होता. १९८५ ची सर्वंकष पीक विमा योजना आणि १९९९ ची राष्ट्रीय कृषी विमा योजना या दोन्ही मुख्यतः याच पायावर उभ्या राहिल्या.

५. २०१६ च्या खरिपात प्रधानमंत्री पीक विमा योजना आली. क्षेत्राचा पाया कायम राहिला, पण गारपिटीसारखी स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतर १४ दिवसांपर्यंतचे नुकसान यांसाठी वैयक्तिक दाव्याला मोठे स्थान मिळाले. शेतात पंचनामा लवकर व्हावा म्हणून सूचनेला मुदत घातली गेली : प्रथम ४८ तास, २०१८ च्या सुधारणेनंतर ७२ तास. सूचना ॲपवरून, टोल फ्री क्रमांकावर, बँकेत किंवा कृषी कार्यालयात देता येई. शेतकऱ्याला हक्क मिळाला, आणि खबर पोहोचवण्याचा भारही त्याच्यावर आला.

६. आता ॲपमधील ‘पाठवा’ हे बटण. ते दाबताच फोन रेडिओ लहरींतून जवळच्या मनोऱ्याशी बोलतो. ही कल्पना १९४७ ची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी प्रदेशाचे षट्कोनी घरांत विभाजन सुचवले. प्रत्येक घराला आपले केंद्र असावे आणि मर्यादित लहरी दूरच्या घरांत पुन्हा वापराव्यात, अशी ती योजना होती. मधमाशीच्या पोळ्यातील या घराला इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात, त्यावरून ‘सेल्युलर’ हा शब्द आला. भारतात पहिला मोबाइल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यात झाला.

७. लहरींना डोंगर आडवा येतो. बालाघाटाच्या रांगा या जिल्ह्यातून गेल्या आहेत. माथ्यावर फोन लागतो आणि उताराच्या पोटातील वस्तीवर लागत नाही, याचे कारण हेच. शिवाय मनोरा हा प्रवासाचा पहिलाच टप्पा असतो. त्याच्या मागे प्रकाशतंतूची तार किंवा दुसऱ्या मनोऱ्याकडे तोंड केलेली सूक्ष्मलहरींची तबकडी असते. तेथून संदेश कंपनीच्या मुख्य जाळ्यात आणि पुढे इंटरनेटवर जातो.

८. अखेरचा टप्पा क्लाउड. नाव ढगाचे, पण वस्तू अगदी जमिनीवरची : वीज, थंडावा आणि पहारा असलेल्या इमारतीत ओळीने लावलेले संगणक. ॲमेझॉनने २००६ मध्ये अशी साठवण आणि गणनशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. भारत सरकारने ‘मेघराज’ या नावाने स्वतःचा क्लाउड उभारला. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची मोठी माहिती केंद्रे दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे आहेत. एरवी शांत असलेल्या सेवेवर एका दिवसात लाखो अर्ज आले, तर क्लाउडमध्ये जादा संगणक कामाला लावता येतात. बालाघाटाच्या दरीत जादा मनोरा मात्र एका दिवसात उभा राहत नाही.

९. येथे एक विसंगती लक्षात घ्यावी. फोनला स्वतःचे ठिकाण कळण्यासाठी मनोरा लागत नाही. जीपीएसचे उपग्रह संकेत प्रसारित करतात आणि फोन त्यांवरून अक्षांश-रेखांश काढतो. घड्याळ आणि कॅमेरा फोनमध्येच असतात. म्हणजे भिजलेल्या गंजीचे छायाचित्र, तिचे ठिकाण आणि वेळ हा सारा पुरावा नेटवर्कविना तयार होऊ शकतो. अडते ते त्याचे पोहोचणे.

१०. आणि ते अतिवृष्टीतच अडते. मनोऱ्याला वीज लागते. ती गेली की बॅटरी काही तास टिकते, पुढे डिझेल जनित्र. रस्ता पाण्याखाली असेल तर डिझेलही पोहोचत नाही. चालू राहिलेल्या मनोऱ्यावर सगळ्या गावांचे फोन लोटतात. टोल फ्री क्रमांकही त्याच जाळ्यातून जातो. २०२० मध्ये त्यात करोनाकाळाची भर होती. ज्या संकटाची खबर द्यायची, तेच संकट खबरीची वाट बंद करते.

११. मुदतीत सूचना नाही, या कारणाने दावे नाकारले गेले. दुसरीकडे महसूल आणि कृषी खात्यांनी केलेले नुकसानीचे पंचनामे सरकारदरबारी होते. वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. मे २०२२ मध्ये खंडपीठाने या शेतकऱ्यांना सहा आठवड्यांत भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा विमा कंपनीला २०० कोटी रुपये जमा करण्यास सांगण्यात आले. म्हणजे ॲपच्या युगात शेतकऱ्याच्या मदतीला जुना पंचनामाच आला.

१२. दरम्यान १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ‘ई-पीक पाहणी’ सुरू झाली. तलाठ्याकडची बाराची नोंद आता शेतकरी स्वतः छायाचित्रासह करू लागला. या ॲपमध्ये ‘अपलोड’ हा वेगळा पर्याय आहे : रानात रेंज नसेल तर माहिती फोनमध्ये साठवावी आणि रेंज मिळेल तेथून पाठवावी. आधी लिहावे, मग धाडावे. दिसायला किरकोळ सोय, पण तिने नोंद होण्याची जागा आणि नोंद पोहोचण्याची जागा वेगळी मानली.

१३. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. पत्रावर लिहिल्याची तारीख एक असते आणि आवक शिक्क्याची दुसरी. दप्तर वाचणारा अभ्यासक दोन्ही पाहतो, कारण मधल्या दिवसांत पूर आलेला असतो, डाक अडलेली असते. ७२ तासांच्या नियमाने आवक शिक्का तेवढा पाहिला. नोंद तलाठ्याच्या हातातून शेतकऱ्याच्या हाती आली, हा बदल मोठा आहे. पण मनोरा, तार आणि वीज त्याच्या हाती आलेली नाही. जे हाती नाही त्याच्या विलंबाचा भुर्दंड कोणी सोसायचा, हे नियम लिहितानाच ठरवावे लागते. धाराशिवमध्ये ते ठरवायला न्यायालय लागले, आणि तोवर दीड वर्ष उलटून गेले होते.