चर्चमधल्या लग्नाची रिहर्सल: फोटोग्राफरनं तिथं का जावं?

हिंदू लग्नाची रंगीत तालीम होत नाही. मुहूर्त गाठायचा, गुरुजी सांगतील तसं करायचं आणि अंतरपाट दूर होताच अक्षता टाकायच्या. चर्चमधल्या लग्नाचं मात्र तसं नसतं. वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांत लग्नाच्या एक-दोन दिवस आधी नवरा-नवरी, दोन साक्षीदार आणि जवळची मंडळी बऱ्याचदा चर्चमध्ये जमतात. कुणी कधी चालायचं, कुठं उभं राहायचं, अंगठ्या कुणाकडे असतील, हे सगळं फादर किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती समजावून सांगते. हीच रिहर्सल.

तिथं फोटोग्राफरला सहसा कुणी आवर्जून बोलवत नाही. त्यानं स्वतःच विचारून जावं, कारण प्रत्यक्ष लग्नात 'जरा पुन्हा एकदा अंगठी घाला' असं सांगायची सोय नसते.

उभं कुठं राहायचं?

रिहर्सलमध्ये सगळ्यात आधी हाच प्रश्न सोडवायला हवा. कॅथलिक विधीत प्रवचनानंतर फादर दोघांना प्रश्न विचारतात, मग दोघं उजवा हात हातात घेऊन एकमेकांना वचन देतात आणि त्यानंतर अंगठ्यांना आशीर्वाद देऊन त्या घातल्या जातात. लग्न 'लागतं' ते या वचनामुळे, आणि हा सगळा भाग अवघ्या काही मिनिटांत आटोपतो.

या वेळी जोडप्याचे चेहरे कुणीकडे असतील? ते वेदीकडे वळलेले असतील, तर मधल्या वाटेत उभ्या असलेल्या फोटोग्राफरला फक्त दोन पाठी मिळतील. एकमेकांकडे वळले, तर बाजूनं दोन्ही चेहरे दिसतील. हे फादरांच्या पद्धतीवर आणि चर्चच्या रचनेवर ठरतं. काही ठिकाणी वेदीच्या चौथऱ्यावर फोटोग्राफरनं चढणं अजिबात चालत नाही, काही ठिकाणी एका कोपऱ्यात उभं राहू देतात. फ्लॅशबद्दलही प्रत्येक चर्चचे नियम वेगळे असतात. हे फादरांना रिहर्सललाच विचारलं, तर भर मिस्सात खुणावून मागं सारलं जाण्याची वेळ येत नाही. फादरांच्या दृष्टीनं तो संस्कार असतो, शूटिंग नव्हे, आणि त्यांचं म्हणणं रास्तच आहे.

जाता जाता: सिनेमात दिसतो तो 'आता वधूचं चुंबन घ्या' हा आदेश कॅथलिक विधीचा भाग नाही. त्या क्षणाची वाट पाहत बसण्याआधी तो येणार आहे का, हे विचारलेलं बरं.

दिव्यांची खरी अडचण

जुन्या चर्चमध्ये प्रकाश सरमिसळ असतो. खिडक्यांतून निळसर उजेड, वर पिवळी झुंबरं आणि वेदीवर पांढरे एलईडी. डोळ्यांना ते खटकत नाही, पण फोटोत पांढरा गाऊन एकीकडून पिवळा आणि दुसरीकडून निळा दिसू शकतो. म्हणून रॉ फाइलमध्ये फोटो काढणं सुरक्षित. रंग नंतर बराच सुधारता येतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे दिव्यांची लुकलुक. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यानं अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. शटर १/५०० ठेवलं, तर दर फोटोत उजेड वेगळा येऊ शकतो. त्यात आवाज नको म्हणून कॅमेऱ्याचं सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं, की सेन्सर ओळीओळीनं वाचला जात असल्यानं फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ते पटकन लक्षातही येत नाहीत. उपाय म्हणजे मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० चा वेग. पण चालत येणारी नवरी या वेगात पुसट येण्याची भीती असते. तिच्यासाठी १/२५० लागतो. कुठल्या दिव्याखाली काय चालतं, हे रिहर्सलमध्ये दहा-बारा फोटो काढून, ते मोठे करून पाहिल्यावरच कळतं.

एक पथ्य पाळावं लागतं. रिहर्सल बहुधा संध्याकाळी होते आणि लग्न दुपारी चारला असू शकतं. तेव्हा खिडक्यांतला उजेड पूर्ण वेगळा असेल. दार पश्चिमेला असेल, तर नवरी आत येताना तिच्यामागून ऊन येईल आणि चेहरा काळवंडेल. शक्य असल्यास लग्नाच्याच वेळी एकदा चर्चमध्ये डोकावून यावं.

माणसं ओळखून ठेवायची

नवरीला वेदीपर्यंत कोण आणणार? वडील की मामा? फुलं उधळणारी लहान मुलगी अर्ध्या वाटेत थबकते का? साक्षीदार नवऱ्यापेक्षा उंच असेल, तर तो नेमका कॅमेऱ्याच्या आड येणार नाही ना? भारतीय ख्रिश्चन विवाह कायदा १८७२ चा आहे. त्यातही साक्षीदारांची अट आहे, त्यामुळे सह्यांचा फोटो घरच्यांना हवाच असतो. ते रजिस्टर वेदीजवळ असतं की आतल्या खोलीत, हेही विचारून घ्यावं.

आणखी एक फायदा आहे. रिहर्सलला नवरा-नवरी साध्या कपड्यांत असतात, चुकतात, हसतात. तिथं कॅमेरा समोर असला, की लग्नाच्या दिवशी त्यांना तो तितका परका वाटत नाही.

रिहर्सलला जाणं जमलंच नाही, तर लग्नाच्या दिवशी तासभर आधी पोहोचून फादरांना भेटावं आणि निदान उभं राहण्याची जागा व फ्लॅशची परवानगी या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात.