प्लेगची लस, ताप आणि पेशींची जाण

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग लोणावळा, तळेगाव असा मावळ ओलांडून पुण्याला येतो. काही महिन्यांतच साथही पुण्यात पसरली. रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना प्लेगने गाठले व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हा इतिहास आपण शिकवतो. याच साथीतून निघालेला विज्ञानाचा एक धागा मात्र सहसा सांगितला जात नाही.

वाल्डेमार हाफकिन तेव्हा मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करीत होते. पोषक द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांच्याखाली जिवाणूंची वाढ झुंबरासारखी लोंबू लागे. हे जिवाणू उष्णता देऊन मारले जात. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांना ताप चढला.

जिवाणू तर मेलेले होते. मग ताप कशाने आला? बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांना १८९२ मध्ये पटकीच्या जिवाणूंबाबत असेच आढळले होते. उष्णतेने मारलेले जिवाणूही प्राण्यांना घातक ठरत. जिवाणूच्या शरीराचाच भाग असलेल्या या विषाला 'अंतर्विष' असे नाव पडले. ते जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातील मेद व शर्करा यांचे संयुग असते, हे पुढे समजले. जिवाणू गिळणाऱ्या भक्षक पेशींचा शोध हाफकिन यांचे गुरू मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये लावला होता. परंतु या पेशी शत्रूला ओळखतात कशा, हे कोडे शंभर वर्षे सुटले नाही.

दरम्यान १९४६ मध्ये अमेरिकेत पॉल बीसन यांनी सशांना विषमज्वराची लस रोज टोचली. पहिल्या दिवशी सशांना मोठा ताप आला. पुढे तेवढ्याच मात्रेने येणारा ताप दिवसेंदिवस कमी होत गेला. शरीर जणू त्या इशाऱ्याला सरावले होते.

याचे कारण समजण्यासाठी आधी ओळखण्याचे साधन सापडणे गरजेचे होते. फळमाशीला बुरशीपासून वाचवण्यात 'टोल' नावाच्या जनुकाचा वाटा असतो, हे ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवले. उंदरांची एक जात अंतर्विषाला दादच देत नसे. तिच्यात टोलसारखेच एक जनुक बिघडलेले आहे, हे १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांना आढळले. या जनुकापासून बनणारे 'टोल-४' हे ग्राही प्रथिन भक्षक पेशीच्या पृष्ठभागावर असते. ते नीट काम करीत नसल्याने या उंदरांना अंतर्विष बाधत नाही, पण काही जिवंत जिवाणूंच्या संसर्गाला ते सहज बळी पडतात. या संशोधनासाठी दोघांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता बीसन यांच्या सशांचे कोडेही उलगडू लागले. जपानमधील शिझुओ अकिरा यांच्या गटाने २००० मध्ये दाखवले की अंतर्विषाशी गाठ पडल्यावर उंदराच्या भक्षक पेशींच्या पृष्ठभागावरील टोल-४ ची संख्या काही तासांतच घटते. पेशीच्या आतही संदेश रोखणारी प्रथिने कामाला लागतात. उलट, दुसऱ्या प्रकारचे घटक ओळखणाऱ्या 'टोल-२' चे प्रमाण वाढू शकते. म्हणजे ग्राहींची संख्या कायम नसते; पेशी ती प्रसंगानुसार कमीजास्त करते. हे आवश्यकच असते, कारण दाह आवरला नाही तर रक्तदाब कोसळून रोगी दगावतो. मात्र पेशी फारच थंडावल्या तर दुसरा संसर्ग डोके वर काढतो.

प्लेगचा जिवाणू या व्यवस्थेतील फट शोधतो. पिसवेच्या शरीरात, थंड तापमानाला, त्याच्या अंतर्विषाला मेदाम्लांच्या बहुधा सहा शेपट्या असतात. त्या आपल्या टोल-४ ला चांगल्या ओळखता येतात. माणसाच्या ३७ अंश सेल्सिअस तापमानाला तो प्रामुख्याने चारच शेपट्या बनवतो आणि टोल-४ ला त्याची चाहूल लागत नाही. शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या जिवाणूत दुसऱ्या जिवाणूचे जनुक घालून त्याला ३७ अंशांनाही सहा शेपट्या बनवायला लावले. असे जिवाणू मोठ्या प्रमाणात टोचूनही उंदीर जगले. टोल-४ नसलेले उंदीर मात्र मेले. प्लेग इतका मारक ठरतो, त्यामागे इशारा वेळेवर न मिळणे हे एक मोठे कारण आहे.

पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, असे आपण वर्गात सांगतो. त्याबरोबर हेही सांगावे की या सैनिकांना शत्रूची चाहूल लागावी लागते, आणि ती किती तीव्रतेने घ्यायची हे ते सतत बदलत असतात. लस टोचल्यावर येणाऱ्या तापाला मुले घाबरतात. तो ताप बहुधा ही चाहूल लागल्याची खूण असते, एवढे समजले तरी त्यांची भीती बरीच कमी होईल.