तमाशापायी गेलेली जमीन

आमच्या घरात पणजोबांचा विषय निघाला की एकच वाक्य यायचं : "त्यांनी तमाशापायी जमीन घालवली." चुलते सांगायचे, आत्या सांगायची. मीही तेच पुढे सांगत आलो.

२०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधायला लोक रेकॉर्ड रूमकडे धावले. पुतण्याच्या दाखल्यासाठी आमच्या सातारा जिल्ह्यात मीही गेलो. मागितलं ते गाव नमुना १४, जन्म-मृत्यूचं रजिस्टर. आपण त्याला कोतवाल बुक म्हणतो. सगळं मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, लेखणी न उचलता ओढत नेलेली अक्षरं. सोबत मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी होते म्हणून निभावलं.

जातीच्या रकान्यात 'कु.' सापडलं, पुतण्याचं काम झालं. मी वही मिटणार होतो. गुरुजी म्हणाले, "थांबा, हे बघा."

साल १९१८, ऑक्टोबर. एरवी आमच्या गावच्या महिन्याला दोन-तीन मृत्यू. इथे पानंच्या पानं भरलेली, आणि कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. ही मानमोडी. जूनमध्ये मुंबईत आलेली इन्फ्लुएंझाची साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसऱ्यांदा उसळली आणि खेड्यापाड्यांत शिरली. त्यातच त्या वर्षी पावसाने दगा दिलेला. धान्य नाही, वैरण नाही. देशभरात एक कोटीहून जास्त माणसं गेली.

त्या पानांवर आमच्या घरच्या तीन नोंदी, आठ दिवसांत. पणजोबांची बायको, म्हणजे पहिली. (आमचे आजोबा दुसरीचे. पहिली होती हेच आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.) तिचं नाव वहीतही नाही, 'अमक्याची बायको' एवढंच. मग चार वर्षांचा मुलगा. मग मुलगी, वय दहा दिवस.

पुढच्या खेपेला मी फेरफार काढले. मार्च १९१९ : २ एकर ३० गुंठे सावकाराकडे गहाण, दोनशे रुपयांना. ती जमीन परत आली नाही. गहाण का टाकली ते कागद सांगत नाही. पणजोबांनी तमाशा बघितलाच नसेल असंही मी म्हणणार नाही, आमच्या घराण्यात ते अशक्य आहे. पण तीन सरणं आणि गहाणखत यांच्यात पाच महिन्यांचं अंतर आहे, आणि मधे एक नापीक वर्ष आहे. तमाशाची गोष्ट बहुधा सावकाराला सोयीची होती. आम्ही ती शंभर वर्षं फुकट सांभाळली.

आत्याला हे वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं.

तुमच्या गावची १९१८ ची वही अजून शाबूत असेल, तर जातीचा रकाना बघून झाल्यावर शेजारचा कारणाचाही वाचा. नक्कल लगेच मागून घ्या. आमच्या वहीचे कोपरे पान उलटताना हातात येत होते.