विम्याचा हप्ता : पुण्य की व्यापार?

विमा हा शब्द फारसीतून आला. आपल्याकडे पेढीवाले वाटेवरच्या मालाचा विमा उतरवीत. पण माणसाच्या जिवाचा विमा म्हटला की आजीबाई कानांवर हात ठेवीत. मरणाला आवतण कशाला द्या, असा त्यांचा प्रश्न असे!

1818 साली कलकत्त्यास ओरिएंटल कंपनी निघाली ती प्रामुख्याने युरोपियनांसाठी. पुढे हिंदी माणसांचे विमे घेतले जाऊ लागले, तेही जादा हप्ता लावून. गोऱ्याच्या जिवाचा भाव निराळा, काळ्याच्या जिवाचा निराळा. हा भेद मोडला मुंबईने. 1870 साली निघालेल्या 'बॉम्बे म्युच्युअल'ने हिंदी लोकांचा विमा नेहमीच्याच दराने उतरविला. 1913 मध्ये तर आपल्या साताऱ्यात अण्णासाहेब चिरमुले यांनी 'वेस्टर्न इंडिया' कंपनी काढली. जिल्ह्याच्या गावी विमा कंपनी, ही त्या काळी लहानसहान हिंमत नव्हे.

पण सगळेच चिरमुले नव्हते. लोकांच्या हप्त्यांवर स्वतःचे धंदे चालविणारेही पुष्कळ निघाले, आणि कंपन्या बुडाल्या. अखेर 19 जानेवारी 1956 रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख (महाडजवळच्या नाते गावचा हा माणूस) यांनी आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतल्याचे आकाशवाणीवरून सांगितले. 1 सप्टेंबरला 245 लहानमोठ्या संस्था मिळून महामंडळ उभे राहिले. पॉलिसीच्या रकमेची हमी कायद्यानेच केंद्र सरकारवर आली.

तरी दीड वर्षाच्या आत मुंदडा प्रकरण उघडकीस आले. महामंडळाचे सव्वा कोटीच्या सुमारास रुपये एका उद्योगपतीच्या कंपन्यांत गेले होते. मुंबईचे मुख्य न्यायाधीश छागला यांनी उघड चौकशी केली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. 2000 सालापासून खाजगी कंपन्या पुन्हा या धंद्यात आल्या.

आता वाचक विचारतील, गुरुजी, पैसे गुंतवावे की नाही? आमच्या मानपाड्यातही दिवाळीचा बोनस हाती पडला की हाच प्रश्न दारी येतो. मी फळ्यावर हिशेब मांडतो. दर वर्षी 1,000 रुपये, 20 वर्षे भरले आणि शेवटी 30,000 आले, तर 'दीडपट झाले' म्हणून हुरळू नये. 4 टक्के चक्रवाढीनेच 30,969 झाले असते. मग उरलेले कुठे गेले? एजंटाचे कमिशन, कचेरीचा खर्च आणि मधल्या 20 वर्षांची जोखीम. यांतली जोखीम ही खरी विकत घेण्याजोगी वस्तू. जोखमीपुरताच मुदतीचा विमा घ्यावा, हप्ता थोडा पडतो. जगलो-वाचलो तर एक पैही परत येत नाही, म्हणून लोक नाक मुरडतात. बचत निराळी करावी. मात्र ज्याच्या हाती पैसा टिकतच नाही, त्याला सक्तीचा हप्ताही बरा, हे मी कबूल करतो. आणि ज्याच्यामागे खाणारे कोणी नाही, त्याने विमा कोणासाठी उतरवायचा?

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. 1874 चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा 1923 च्या दुरुस्तीने हिंदू, मुसलमान, शीख, जैन यांच्याही पॉलिसींना लागू झाला. बायकोमुलांच्या नावे या कायद्याखाली काढलेल्या पॉलिसीला, सावकारांना फसविण्याचा हेतू नसेल, तर नवऱ्याचे देणेकरी हात लावू शकत नाहीत. ती रक्कम त्याच्या मिळकतीत धरतच नाहीत. पण तसे पॉलिसी काढतानाच लिहून द्यावे लागते. मागाहून जोडता येत नाही.