ब्लमलाइनचा मृत्युलेख

पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला आम्हांला एक सर्किट शिकवले गेले. दोन व्हॉल्व्ह शेजारीशेजारी, दोघांचे कॅथोड एकत्र जोडलेले आणि त्या जोडापासून खाली गेलेला एक मोठा रेझिस्टर. तो खाली लोंबतो म्हणून सर्किटाचे नाव ‘लाँग-टेल्ड पेअर’, म्हणजे लांब शेपटाची जोडी. सरांनी फळ्यावर आकृती काढली, ती परीक्षेला हमखास येते असे सांगितले आणि ते पुढच्या धड्याकडे वळले. त्यानंतर मी आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त केले. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, मग चिमूटभर आकाराच्या आयसी आल्या. त्यातल्या ऑप-अँपचे झाकण जणू उघडून पाहावे तर दाराशी तीच जोडी उभी. दोन तारांवरून जे सारखे येते ते सोडून द्यायचे आणि जो फरक असेल तेवढाच मोठा करायचा, एवढेच तिचे काम. घरघर दोन्ही तारांवर सारखीच शिरते. ती गळून पडते आणि गाणे उरते.

ही जोडी कोणाची, हे मला निवृत्तीनंतर कळले. १९३६ चे पेटंट, अ‍ॅलन डाउअर ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरच्या नावावर. ज्याच्या कामावर आपले पोट भरले त्याचा मृत्युलेख शोधून वाचायचा, अशी मला खोड आहे. ब्लमलाइन ७ जून १९४२ रोजी वारला, वय ३८. त्याच्या नावावर १२८ पेटंटे होती. स्टिरिओ ध्वनीची कल्पना त्याची, ब्रिटनच्या पहिल्या नियमित इलेक्ट्रॉनिक दूरदर्शनमध्ये त्याचा मोठा वाटा. असा माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी तरी याव्यात. पण तो गेल्याचे जाहीर व्हायलाच जवळजवळ तीन वर्षे लागली.

त्याचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनच्या हॅम्पस्टेडमधला. वडील जन्माने जर्मन, नंतर ब्रिटिश नागरिक झालेले. आई दक्षिण आफ्रिकेत काम करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्याची मुलगी. मुलगा वाचायला फार उशिरा शिकला, पण सात वर्षांचा असताना त्याने घरची दारावरची घंटा दुरुस्त केली आणि वडिलांना रीतसर बिल दिले. खाली सही, ‘इलेक्ट्रिकल इंजिनिअर’. थोरांच्या बालपणीच्या अशा गोष्टींवर माझा सहसा विश्वास नसतो. ही मात्र खरी वाटते, कारण दुरुस्तीचे पैसे मागायला लागणारे धाडस मला ठाऊक आहे.

सुरुवातीची नोकरी टेलिफोनच्या धंद्यातली. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये एका जोडीवरचे बोलणे शेजारच्या जोडीवर ऐकू येते, ते कसे थांबवायचे हा तिथला प्रश्न. १९२९ मध्ये आयझॅक शोएनबर्ग यांनी त्याला कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आणले. काम रोखठोक होते. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण करायचे तर वेस्टर्न इलेक्ट्रिकची यंत्रणा वापरावी लागे आणि प्रत्येक तबकडीमागे तिला रॉयल्टी द्यावी लागे. ती पेटंटे चुकवून नवी यंत्रणा बांधायची होती. ब्लमलाइनने सहकारी हर्बर्ट होल्मनच्या साथीने मूव्हिंग-कॉइलवर चालणारी कोरणी बनवली आणि रॉयल्टीचा प्रश्न मिटला. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एक होऊन ‘ईएमआय’ झाली. आपल्याकडे कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र घराघरात पोचवणारी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ याच घरातली. आजोबांच्या पिढीने नाट्यपदांच्या तबकड्या ऐकल्या त्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या प्रयोगशाळेत, लंडनजवळच्या हेस इथे, हा माणूस बसत होता.

त्याच वर्षीची सिनेमाची गोष्ट प्रसिद्ध आहे. होणाऱ्या पत्नीबरोबर, डोरीनबरोबर, तो बोलपट पाहायला गेला. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालला, पण आवाज जागचा हलेना. यावर माझ्याकडे उपाय आहे, असे तो तिला म्हणाला. १४ डिसेंबर १९३१ ला दाखल झालेल्या त्याच्या पेटंटात, क्रमांक ३९४३२५, सत्तर दावे आहेत. इतके कशाला, असे वाटेल. पण एका कल्पनेत त्याने मायक्रोफोनपासून तबकडीपर्यंतचा सगळा रस्ता आखून ठेवला होता.

त्यातला तबकडीचा भाग मला सर्वांत आवडतो. खाचेला दोन भिंती असतात. एका भिंतीवर डावा आवाज, दुसरीवर उजवा, दोन्ही एकमेकींशी काटकोनात. दोन्हीकडे सारखा आवाज आला की सुई आडवी हलते; म्हणजे आडवी हालचाल ही बेरीज. फरक आला की ती वरखाली होते. उभी हालचाल म्हणजे वजाबाकी. म्हणून स्टिरिओ तबकडी जुन्या पद्धतीने ऐकली तरी पूर्ण गाणे ऐकू येते. टेलिफोनच्या जोड्या, ही खाच आणि पुढे ती लांब शेपटाची जोडी: तिन्ही ठिकाणी एकच डोके चालले आहे. दोन वाटांवर सारखे काय आणि वेगळे काय, हाच त्याचा प्रश्न.

जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत टॉमस बीचम मोझार्टच्या ‘ज्युपिटर’ सिंफनीची तालीम घेत होते. तिथे ब्लमलाइनच्या चमूने या पद्धतीने मुद्रण केले. पुढच्या वर्षी स्टिरिओ ध्वनीचे छोटे चित्रपटही झाले. आणि मग कंपनीने हे सगळे बाजूला ठेवले. मंदीच्या काळात एक कर्णा घ्यायला लोकांकडे पैसे नव्हते, दोन कोण घेणार? चमू दूरदर्शनकडे वळला आणि २ नोव्हेंबर १९३६ पासून बीबीसीचे नियमित प्रक्षेपण सुरू झाले. कंपनीला मी दोष देत नाही. पण स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या १९५७-५८ मध्ये, त्याच दोन भिंतींच्या खाचेने. पेटंटाची मुदत १९५२ लाच संपलेली होती.

युद्ध सुरू झाले तसा तो रडारकडे ओढला गेला. रात्री ढगांवरून उडणाऱ्या विमानाला खालची जमीन दिसावी म्हणून ‘एच-टू-एस’ नावाचे यंत्र बनत होते. पाणी लहरींना पुढच्या पुढे परतवून लावते, म्हणून पडद्यावर काळे. जमीन थोडी उजळ. शहराच्या भिंती लखलखीत. डेफर्डच्या धावपट्टीवरून निघालेल्या हॅलिफॅक्स बाँबरमध्ये त्या दिवशी हे यंत्र होते. उजव्या बाजूच्या बाहेरच्या इंजिनाला आग लागली आणि विमान हियरफर्डशरमध्ये वेल्श बिक्नोरजवळ कोसळले. अकराच्या अकरा जण गेले. ईएमआयचे तिघे: ब्लमलाइन, सेसिल ब्राउन, फ्रँक ब्लायदेन. चौकशीत कारण निघाले ते टॅपेटच्या एका नटाचे. काही तासांपूर्वीच्या तपासणीत तो नीट आवळला गेला नव्हता. हे वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो. हातातला पाना कधी अर्धा फेरा आधी थांबला नाही, असे कोणता कारागीर सांगू शकेल?

अहवाल चर्चिल यांच्या आदेशाने मोजक्या हातांत फिरला. शत्रूला आनंद होऊ नये आणि सुगावाही लागू नये, हा हिशेब. युद्धात तो समजण्यासारखा आहे. डोरीनच्या पदरी दोन लहान मुलगे होते. नवरा काय करत होता हे चारचौघांत सांगण्याची सोय नाही.

इथे एक गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. एच-टू-एस प्रथम वापरले गेले ते जानेवारी १९४३ च्या अखेरीस, हँबर्गवरच्या हल्ल्यात. त्याच वर्षीच्या जुलैत ते शहर हजारो माणसांसकट जळाले, तेव्हाही वाट दाखवणारे हेच यंत्र होते. त्याचाच एक अवतार अटलांटिकमधल्या पाणबुड्या शोधत होता आणि त्यामुळे अन्नधान्याची जहाजे वाचत होती. ब्लमलाइन जिवंत असता तर त्याला काय वाटले असते, हे त्याच्या तोंडी घालण्याचा मला अधिकार नाही. त्याच्या गौरवलेखांत मात्र सिनेमाची गोष्ट दोनदा येते आणि हँबर्ग एकदाही येत नाही, हे मला खटकते. नाटकात आवाजाला जागा देणारा माणूस आणि रात्री शहराला जागा दाखवणारा माणूस एकच होता.

युद्ध संपल्यावर तरी त्याचे चरित्र यायला हवे होते. १९७० च्या दशकात एका लेखकाने ते हाती घेतले, घरच्यांकडून आणि सहकाऱ्यांकडून कागद जमवले. पुस्तक कधी आलेच नाही. १९७७ मध्ये ईलिंगमधल्या त्याच्या घरावर निळी पाटी लागली. चरित्रे आली १९९९ आणि २००० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर अर्धे शतक उलटल्यावर. तोवर त्याला ओळखणारे बहुतेक जण गेलेले.

त्याने १९३५ मध्ये केलेला एक छोटा चित्रपट आता ऐकायला मिळतो. हेस स्टेशनातून जाणाऱ्या गाड्या, बाकी काही नाही. परवा नातवाचे स्वस्तातले इअरफोन कानाला लावून तो पाहिला. वाफेचे इंजिन एका कानाशी धापा टाकत आले, कपाळामागून गेले आणि दुसऱ्या कानातून दूर निघून गेले. नातू म्हणाला, “आजोबा, यात काय विशेष?”

मी त्याला पुन्हा सुरुवातीपासून लावायला सांगितले.