कृषि-अर्थसाहाय्याची प्रसिद्धी, यूरोपीय संघातील
सार्वजनिक निधीतून शेतकऱ्यांना व कृषिसंस्थांना दिलेल्या अर्थसाहाय्याच्या रकमा लाभार्थींच्या नावांसह जाहीर करण्याची पद्धती. लोकांचा पैसा कोणास मिळतो हे जाणण्याचा नागरिकांचा हक्क आणि आपले उत्पन्न खाजगी राखण्याचा शेतकऱ्याचा हक्क, या दोहोंच्या संघर्षातून तिला आजचे स्वरूप प्राप्त झाले.

रोमच्या तहात (१९५७) कृषिउत्पादनाची वाढ, शेतकऱ्यांना रास्त राहणीमान, स्थिर बाजारपेठ व ग्राहकांना वाजवी किंमती ही उद्दिष्टे नमूद होती. त्यांनुसार समाईक कृषि-धोरण १९६२ पासून अंमलात आले. प्रारंभी साहाय्य मुख्यतः किंमतींद्वारे दिले जाई. आयातीवर आकार बसवून, निर्यातीस परतावा देऊन व शिल्लक माल सरकारी खात्यावर खरेदी करून भाव चढे ठेवले जात. या पद्धतीत कोणत्या शेतकऱ्याच्या पदरात किती पडले, याची सरळ नोंदच संभवत नव्हती. पुढे लोणी, धान्य व मद्य यांचे प्रचंड साठे साचले आणि १९८० नंतरच्या दशकात संघाच्या अर्थसंकल्पाचा सु. दोन-तृतीयांश भाग कृषीवर खर्च होऊ लागला.

आयुक्त रे मॅकशॅरी यांच्या १९९२ च्या सुधारणांनी आधारकिंमती उतरविल्या व त्यांची भरपाई क्षेत्र आणि जनावरे यांच्या प्रमाणात थेट रोख रकमेने केली. फ्रान्ट्‌स फिशलर यांच्या २००३ च्या सुधारणांनी बहुतांश रक्कम उत्पादनापासून अलग केली. त्यामुळे प्रत्येक रकमेपुढे एक नाव आले आणि ते नाव जाहीर करण्याची मागणी शक्य झाली.

डेन्मार्कने २००४ मध्ये अशी माहिती खुली केली. ब्रिटनमध्ये माहिती-स्वातंत्र्य अधिनियम १ जानेवारी २००५ पासून लागू होताच काही महिन्यांतच याद्या बाहेर आल्या. लाभार्थींत लहान शेतकऱ्यांबरोबरच राजघराणे, बडे जमीनदार व साखर-कंपन्या असल्याचे त्यांतून उघड झाले. साहाय्य जमिनीच्या प्रमाणात असल्याने थेट साहाय्याचा सु. ८० टक्के भाग सु. २० टक्के लाभार्थींकडे जातो, हे यूरोपीय आयोगाच्या आकडेवारीतूनही वारंवार दिसून आले आहे. पत्रकार व स्वयंसेवी गटांनी निरनिराळ्या देशांच्या याद्या एकत्र करून त्यांची तुलना मांडली.

संघाने २००७ मध्ये नियम करून सर्व सदस्य-राष्ट्रांवर नाव, गाव व रक्कम जाहीर करण्याचे बंधन घातले. थेट साहाय्याच्या याद्या ३० एप्रिल २००९ पर्यंत प्रसिद्ध व्हावयाच्या होत्या. जर्मनीतील हेसेन राज्यातील एक शेती-भागीदारी व एक शेतकरी यांनी या बंधनास आव्हान दिले. लहानशा गावात अशी यादी म्हणजे शेजाऱ्याच्या मिळकतीचा उघड हिशेबच ठरतो. शिवाय साहाय्याची रक्कम म्हणजे शेतकऱ्याचा नफा नव्हे. यूरोपीय न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०१० रोजी प्रसिद्धीचा हेतू रास्त मानला; परंतु साहाय्याचा कालावधी, वारंवारता वा रक्कम यांचा भेद न करता सरसकट नावे जाहीर करणे व्यक्तींच्या बाबतीत अवैध ठरविले. कंपन्यांसारख्या विधिसंस्थांच्या बाबतीत मात्र हे बंधन कायम राहिले.

या निर्णयास अनुसरून २०१३ मध्ये नवा विनियम करण्यात आला. व्यक्तींची नावे पुन्हा जाहीर होऊ लागली. मात्र लहान शेतकऱ्यांच्या योजनेची मर्यादा किंवा, ती योजना नसेल तेथे, १,२५० यूरोपर्यंतच्या रकमांचे लाभार्थी नावाऐवजी संकेतांकाने दर्शविले जाऊ लागले. याद्या दरवर्षी ३१ मेपर्यंत प्रसिद्ध करून दोन वर्षे उपलब्ध ठेवावयाच्या असतात. २०२१ च्या विनियमाने लाभार्थी ज्या कंपनीसमूहाचा घटक असेल, त्याचीही नोंद आवश्यक केली. प्रसिद्धीमुळे साहाय्याची विषम वाटणी आपोआप बदलली नाही. परंतु ती सर्वांस दिसू लागली आणि मोठ्या रकमांवर मर्यादा घालण्याच्या वादास निश्चित आधार मिळाला.